पायांपासून आरंभ

श्रावण सरू लागला, की श्रीरामपूर तालुक्यातील आमच्या ख्रिस्ती घरांत लगबग सुरू होते. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. त्याच्या आगेमागे हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. १९४९ पासून भरत आलेल्या या यात्रेला दूरदूरचे भाविक येतात. कुणी पायी येतात, कुणी वाहनांनी. साहजिकच आमच्या परिसरातील घरोघरी चार पाहुणे उतरतात. मग भिंती पुसल्या जातात, गोधड्या धुऊन वाळत पडतात, अंगण सारवले जाते. या धुण्यापुसण्यातून घरातला कुत्राही सुटत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्याच्या पोटाला लिंपलेला असतो, अंगाला कुबट वास येत असतो, आणि पाहुण्यांची लहान मुले तर आल्याबरोबर त्याच्याच गळ्यात पडतात.

कुत्र्याला आंघोळ घालण्याची आपल्याकडील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. एकाने साखळी आवळून धरायची, दुसऱ्याने मागचे पाय दाबायचे, तिसऱ्याने विहिरीच्या मोटारीची नळी सोडायची आणि चौथ्याने कपड्यांच्या साबणाची वडी फिरवायची. पाच मिनिटांत काम उरकते. माणसे भिजतात, हसतात. कुत्रा सुटतो तो थेट उकिरड्यावर जाऊन लोळतो. पुढच्या खेपेला तो बादली पाहूनच पळ काढतो आणि त्याला धरायला चारांऐवजी पाच माणसे लागतात. कुत्र्याचे आणि पाण्याचे वैरच असते, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण तोच कुत्रा वैशाखात पाटाच्या पाण्यात स्वतःहून गळ्यापर्यंत बसलेला आपण पाहतो. मग त्याचे वैर नक्की कशाशी असते?

हा प्रश्न आमच्या घरी मोत्याने आणला. एका परिचित कुटुंबाची दूर बदली झाली आणि त्यांचा चार वर्षांचा कुत्रा आमच्याकडे राहावयास आला. स्वभावाने अतिशय गरीब. परंतु अंगणातला नळ नुसता सोडला, तरी तो बाजेखाली शिरे आणि तासभर बाहेर येत नसे. पूर्वीच्या घरी वाहने धुण्याच्या जोरकस नळीने त्याला धूत असत, असे पुढे बोलण्याबोलण्यातून कळले. बाजेखाली तो भुंकत नसे, गुरगुरत नसे. केवळ थरथरत असे. ती थरथर पाहिली आणि या कुत्र्याला धरून बांधून आंघोळ घालायची नाही, असे मी व माझ्या लेकीने ठरविले. यात्रेला तेव्हा जेमतेम तीन आठवडे उरले होते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मोत्याला लस टोचावयास नेले, तेव्हा तेथील डॉक्टरांना मी हे सांगितले. त्यांनी समजावून सांगितले, की कुत्रा चावतो किंवा पळतो ती त्याच्या भीतीची शेवटची पायरी असते. त्याआधी तो पुष्कळ काही सांगून चुकलेला असतो. झोप आलेली नसताना तो जांभई देतो, खाणे समोर नसताना ओठ चाटतो, कान मागे पाडतो, शेपूट पोटाशी घेतो, मान वळवितो आणि डोळ्यांचे पांढरे दाखवितो. हे सर्व त्याचे "पुरे" म्हणणे असते. ते ऐकणारा कुणी नसला, की मग दात उरतात. त्यातून त्याचे कानही आपल्याहून तिखट. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. आपल्याला जी नळाची साधी धार वाटते, ती त्याला तशी वाटत असेल असे नाही.

भीती जुळते कशी, हे शोधून काढणारा शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह हा रशियातील एका धर्मगुरूचा मुलगा. तो स्वतःही काही काळ धर्मगुरूंच्या विद्यालयात शिकला होता. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खाणे येण्यापूर्वीची खूण कळताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्याने दाखवून दिले. खूण आणि अनुभव यांची गाठ जशी खाण्याने बसते, तशीच ती धाकानेही बसते. मोत्याच्या मनात नळाच्या आवाजाशी जुन्या नळीचा मार बांधला गेला होता. अशी गाठ जोराने ओढून सुटत नाही; उलट आवळत जाते. त्याच खुणेशी दुसरा, गोड अनुभव हळूहळू बांधत जाणे, हाच तिच्यावरचा उपाय होय.

ही शास्त्राची गोष्ट मी रात्री जेवताना सांगितली, तेव्हा माझे सासरे हसले. त्यांची सारी हयात बैलांच्या सोबतीत गेली आहे. ते म्हणाले, "अगं बाई, जनावराला पाणी आधी दाखवावं लागतं, मग टाकावं लागतं. पोळ्याला आम्ही दुसरं काय करायचो?" आणि त्यांनी सांगितले ते असे. पोळ्याला बैल नदीवर न्यायचे, ते घाईने नव्हे. काठावर त्यांना उभे राहू द्यायचे, पाणी हुंगू द्यायचे, पिऊ द्यायचे. मग आपण स्वतः गुडघाभर पाण्यात उतरायचे. बैल मागोमाग येतो. आधी खुरे आणि पाय चोळायचे, मग पोट, मग पाठ आणि वशिंड. तोंडावरून ओला हात फिरवायचा तो सर्वांत शेवटी. तोंडाने सतत काहीतरी बोलत राहायचे. धनगर लोक लोकर कातरण्यापूर्वी मेंढ्या नदीत धुतात, तेही असेच. कळपातली एक उतरली, की बाकीच्या तिच्यामागे उतरतात. हाकलायला गेले तर सारा कळप फुटतो. "तोंडावर पाणी मारलं, की बैल वर्षभर इसरत नाही," असा त्यांनी शेवट केला.

पावलॉव्हचे पुस्तक आणि पोळ्याचा नदीकाठ एकच गोष्ट सांगत होते. त्याप्रमाणे आम्ही आरंभ केला.

पहिल्या आठवड्यात पाण्याचा थेंबही नव्हता. मागच्या पडवीत शहाबादी फरशीवर आम्ही गोणपाट दुमडून अंथरला. आंघोळीच्या वेळी कुत्रा जो धडपडतो, त्यातली निम्मी धडपड पाय घसरतात म्हणून असते. पायाखाली घट्ट आधार मिळाला, की त्याचे निम्मे भय तेथेच ओसरते. त्या गोणपाटावर रोज संध्याकाळी बाजरीच्या भाकरीचे चार तुकडे पडू लागले. दुसऱ्या आठवड्यात शेजारी रिकामी बादली आली, पुढे भरलेली आली. लेक तांब्याने थोडे पाणी घेई आणि लांब अंगणात जमिनीलगत हळूच सोडी. आवाज झाला, की भाकरीचा तुकडा. मोत्याने जांभई दिली किंवा मान वळविली, की त्या दिवसाचे काम तेथेच थांबे. तो उठून गेला, तर त्याला कुणी परत बोलवीत नसे. आपण उठून जाऊ शकतो, हे समजल्यावर त्याचे उठून जाणेच कमी झाले. तिसऱ्या आठवड्यात कोमट पाण्यात पिळलेले फडके त्याच्या एका पुढच्या पायाला लागले. दुसऱ्या दिवशी दोन पायांना. मग चारही पायांना.

एवढ्यात यात्रा आली आणि गेली. मोत्याची आंघोळ झालेली नव्हती. ओल्या फडक्याने पाय व पोट पुसून आणि कंगव्याने वाळका चिखल झाडून तो पाहुण्यांसमोर उभा राहिला. "एवढे लाड कशाला? धरा आणि बुचकाळा," असा सल्ला एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी दिला. घरातल्या इतरांच्या मनातही तेच होते, हे मला दिसत होते. धीराने करावयाच्या कामाला यात्रेची तारीख कळत नाही, एवढेच मी म्हटले.

यात्रेनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारच्या उन्हात, मोत्याची पहिली पुरी आंघोळ झाली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा भित्रा जीव असेल, त्यांच्यासाठी ती सविस्तर सांगते. पाणी तान्ह्या बाळासाठी कोपर बुडवून पाहतो तेवढेच कोमट. कुत्र्याच्या अंगाची नेहमीची उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याहून थोडी अधिक असते. त्यामुळे थंडगार पाण्याने तो दचकतो आणि कढत पाण्याने पोळतो. नळी नाही, तांब्या अंगाला टेकवून पाणी ओघळू द्यायचे, वरून आदळू द्यायचे नाही. आरंभ पायांपासून, मग मांड्या, पोट, पाठ आणि मान. डोक्यावर पाणी ओतायचेच नाही. तोंड आणि कानांचा बाहेरचा भाग पिळलेल्या फडक्याने पुसला, की पुरे. कानात पाणी गेल्यास दुखणे उद्भवते. आपला साबण त्याला चालत नाही. माणसाची कातडी किंचित आम्ल असते, कुत्र्याची जवळजवळ उदासीन. आपल्या साबणाने ती कोरडी पडते आणि तो दिवसभर खाजवीत बसतो. कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू पाण्यात पातळ करून लावावा आणि तो पुरता निघेपर्यंत अंग विसळावे. गोचिडांसाठी रॉकेल किंवा गुरांवर फवारण्याचे औषध अंदाजाने कधीही लावू नये. त्याने कुत्रे दगावू शकते. ते काम डॉक्टरांना विचारूनच करावे.

आंघोळ संपल्यावर कुत्रा अंग झाडतो, तेव्हा आपण ओरडून मागे सरतो. वास्तविक ती देवाने त्याला दिलेली मोठी युक्ती आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१२ साली मोजून दाखविले, की ओले जनावर अंग झाडून काही क्षणांत सुमारे ७० टक्के पाणी उडवून देते. तेव्हा त्याला मनसोक्त झाडू द्यावे. उरलेले ३० टक्के जुन्या पंचाचे आणि उन्हाचे काम.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. आमच्या जिल्ह्यात पाणी ही काही खेळण्याची वस्तू नव्हे. अकोल्याच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि तेथून पूर्वेकडे आलो, की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख लागतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आमच्या घरांत अजून आहेत. याच जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेल्या येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाच्या कामासाठी आयुष्य वेचले आणि १९९३ साली 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. ज्या मुलखात बायकांनी मैलोगणती हंडे वाहिले, तेथे कुत्र्याच्या आंघोळीचे कौतुक शोभते काय?

माझे उत्तर हिशेबाचे आहे. निरोगी कुत्र्याला रोज काय, दर आठवड्यालाही आंघोळ लागत नाही. महिना-दीड महिन्यातून एकदा पुरते. एरवी कंगवा आणि ओले फडके यांवर भागते. मोत्याला दोन बादल्या पाणी लागते. नळीने चार माणसे धुतात, तेव्हा याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. पाणलोटाच्या कामात कार्यकर्ते गावोगाव सांगत असत, की धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा आणि चालणाऱ्याला थांबायला. मोत्यालाही धावणाऱ्या पाण्याचेच भय होते. तांब्यातून चालत आलेल्या पाण्याशी त्याचे जमले. धीराने पाणीही वाचते, हे आम्हांला त्या दोन बादल्यांनी दाखविले.

दुसरे उत्तर श्रद्धेचे आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने या बाबतीत दोन्ही पारडी सांभाळली आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती असून त्यांना विनाकारण वेदना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो शिकवितो. आणि जे प्रेम माणसालाच द्यावयाचे, ते प्राण्याकडे वळवू नये, असेही बजावितो. माझ्या मते मोत्यासाठी आम्ही जे केले, ते लाड नव्हेत. दुबळ्याच्या अंगाला हात लावताना तो हात कसा असावा, याची ती शिकवण होती.

आपल्या बायबलमध्ये तोबीतचे एक पुस्तक आहे. आमच्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांच्या बायबलमध्ये ते नसते. आंधळ्या पित्याचा मुलगा तोबियास राफाएल देवदूतासोबत प्रवासाला निघतो आणि त्यांच्यामागे घरचा कुत्राही चालू लागतो. पहिल्याच मुक्कामाला तोबियास तैग्रीस नदीत पाय धुण्यास उतरतो, तेव्हा मोठा मासा उसळून त्याच्यावर येतो आणि तो घाबरतो. देवदूत त्याला पाण्यापासून ओढून काढीत नाही. जवळ उभा राहून धीर देतो आणि त्याच माशाला धरावयास सांगतो. पुढे त्याच माशाच्या पित्ताने पित्याला दृष्टी येते. भय वाटणाऱ्याजवळ उभे राहणे, हेही देवदूताचे काम आहे.

आणि पाय धुण्याची सर्वांत थोर गोष्ट तर पवित्र गुरुवारची. योहानकृत शुभवर्तमानात प्रभू येशू बाहेरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांच्या पायांशी बसतो. पेत्र पाय मागे घेतो. माझे पाय तुला कधीच धुऊ देणार नाही, असे म्हणतो. त्याला धरून बसवा, असे प्रभू कोणाला सांगत नाही. तो त्याच्याशी बोलतो. आणि मग तोच पेत्र नुसते पायच नव्हे, तर हात आणि डोकेही धू, असे म्हणू लागतो. २८ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील कासाल देल मार्मो या बालकैद्यांच्या तुरुंगात बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिमही. धुणाऱ्याने धुतल्या जाणाऱ्याहून खाली बसावयाचे असते, हे त्या दृश्याने साऱ्या जगाला पुन्हा दाखविले.

हे सारे मी एवढ्या तपशिलाने लिहिते आहे, त्याचे आणखी एक कारण आहे. माझ्या सासूबाईंना काही वर्षांपासून विस्मरण जडले आहे. माणसे ओळखू येईनाशी झाली, तशा त्या आंघोळीलाही घाबरू लागल्या. ज्या बाईने चार मुले न्हाऊमाखू घातली, ती न्हाणीघराच्या दाराला घट्ट धरून रडत असे. विस्मरणाच्या रुग्णांत असे पुष्कळदा घडते. डोक्यावरून आलेले पाणी कोठून आले हेच त्यांना उमगत नाही, उघड्या अंगाला थंडी बोचते, आणि हात धरणारी आपलीच माणसे त्यांना परकी वाटतात. नातेवाइकांनी सुचविलेला उपाय तोच होता: दोघींनी धरा आणि उरका.

माणसाची आणि जनावराची बरोबरी करावी, असे माझ्या मनातही नाही. परंतु मोत्याच्या आंघोळीला जी मुलगी पडवीत बसली होती, तीच एके सकाळी आजीजवळ घंगाळ घेऊन बसली. न्हाणीघरात नव्हे; आजीच्या नेहमीच्या खुर्चीजवळ, उन्हात. आजीच्या अंगावर चादर तशीच होती. लेकीने आधी पाणी दाखविले, आजीचा हात त्यात बुडवू दिला आणि मग जमिनीवर बसून तिचे पाय घंगाळात घेतले. पहिले कितीतरी दिवस एवढेच झाले. पाय धुऊन, पुसून, खोबरेल तेल लावून ती उठे. बाकीचे अंग चादरीखालूनच ओल्या फडक्याने पुसले जाई. सासूबाईंचे रडणे आधी कमी झाले, मग थांबले.

आगमनकाळातल्या एका सकाळी लेक पाय धुऊन उठू लागली, तेव्हा सासूबाईंनी तिचा हात धरला. नातीचे नाव त्यांना आठवत नव्हते. त्या म्हणाल्या, "पोरी, पाठीवर पण घाल गं थोडं."

त्या दिवशी पाठ झाली, हात झाले, आणि शेवटी डोकेही. पडवीत मोत्या उन्हाला पाय पसरून झोपला होता. तांब्याच्या आवाजाने त्याने एकदा कान हलविला आणि तो पुन्हा झोपी गेला.